गाडीत सबवूफर आणि अ‍ॅम्प्लिफायर बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सबवूफर (फक्त खालचे, बेसचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर) घ्यायचं ठरलं की प्रश्न ठरावीक क्रमाने येतात. आधी "किती इंची घेऊ", मग "किती वॅटचा", आणि सगळं बसवून झाल्यावर "हेडलाइट का मिचमिचतायत". खालचे प्रश्न लोकांनी पुन्हा पुन्हा पाठवलेले आहेत, जमेल तितके त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. घाईत असाल तर प्रश्न ८ आणि ९ तेवढे तरी वाचाच. बाकी कुठे चुकलं तर आवाज बिघडतो, तिथे चुकलं तर गाडी पेटू शकते.

१. चार दारांत चार स्पीकर आहेतच, मग सबवूफर वेगळा कशाला?

माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. दारातला सहा-साडेसहा इंची स्पीकर ८० हर्ट्झच्या वर बरा वाजतो, त्याखाली दमतो. तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली काढायचा, तर स्पीकरच्या कोनला चौपट अंतर पुढेमागे हलावं लागतं. ८० वरून ४० वर आलात की चौपट, २० वर आलात की सोळापट. पातळ पत्र्याच्या दारात बसवलेल्या छोट्या स्पीकरला हे झेपत नाही.

सबवूफर लावून खालचा भाग त्याच्याकडे सोपवला की दारातले स्पीकर मोकळे होतात. "बेस वाढला ते ठीक, पण गायकाचा आवाजही स्वच्छ झाला" असं लोक कळवतात, ते यामुळेच. माझ्या मते सबवूफरचा अर्धा फायदा हाच आहे, आणि तो मिळवायचा तर प्रश्न १४ मधला फिल्टर लावावाच लागतो.

२. स्टिरिओवर "५० वॅट × ४" लिहिलंय. मग वेगळा अ‍ॅम्प का घ्यायचा?

कारण ते ५० वॅट क्षणभराचे आहेत. स्टिरिओच्या आतली चिप थेट बॅटरीच्या व्होल्टेजवर चालते. इंजिन चालू असताना ते जेमतेम १४ व्होल्ट असतं. तेवढ्या व्होल्टेजमधून ४ ओहमच्या स्पीकरला आवाज न फाटता सुमारे २४ वॅटपेक्षा जास्त देताच येत नाही, आणि प्रत्यक्षात १५ ते २० वॅट मिळतात. बाहेरच्या अ‍ॅम्पमध्ये १२ व्होल्टचे आधी बरेच जास्त व्होल्ट करणारा वीजपुरवठा असतो, म्हणून तो शेकड्यांनी वॅट देऊ शकतो.

३. खोक्यावर १२०० वॅट, आत माहितीपत्रकात ३०० वॅट आरएमएस. खरं कुठलं?

आरएमएस. सतत, तासन्‌तास देता येणारी ताकद ती. "पीक", "मॅक्स" हे आकडे बाजूला ठेवा. सीटीए-२००६ (ताकद मोजण्याचं अमेरिकी मानक) असा शिक्का असेल तर आकडा १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्का किंवा त्याहून कमी विकृती या अटींवर मोजलेला असतो. त्यावर भरवसा ठेवता येतो.

शिक्का नसेल तर अ‍ॅम्पच्या अंगावरचे फ्यूज बघा. २५ अँपिअरचे दोन फ्यूज म्हणजे ५० अँपिअर. गुणिले १३.८ व्होल्ट, झाले ६९० वॅट आत. क्लास डी अ‍ॅम्प (कमी वीज उष्णतेत घालवणारा प्रकार) त्यातले साधारण ८० टक्के बाहेर देतो, म्हणजे सुमारे ५५० वॅट. आता ३० अँपिअरचा एकच फ्यूज असलेल्या अ‍ॅम्पवर २००० वॅट छापलेले दिसले, तर काय समजायचं ते कळेलच: त्यात आतच जेमतेम ४१४ वॅट जातात.

जोडी लावताना अ‍ॅम्पचा आरएमएस आणि सबवूफरचा आरएमएस जवळपास सारखा ठेवा. अ‍ॅम्प थोडा सरस असला तरी चालतं, गेन (स्टिरिओचा सिग्नल जुळवायचं बटण, प्रश्न १३) नीट लावायचा एवढंच.

४. आठ, दहा की बारा इंची?

डिकीत जागा किती द्यायची तयारी आहे, त्यावर ठरवा. कोनचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणून बारा इंची हा दहा इंचीच्या जवळजवळ दीडपट आणि आठ इंचीच्या सव्वादोनपट हवा ढकलतो. पण मोठ्या सबवूफरला पेटीही मोठी लागते, आणि लहान पेटीत कोंबलेला बारा इंची हा योग्य पेटीतल्या दहा इंचीपेक्षा वाईट वाजतो.

"मोठा सबवूफर मंद असतो" हे ऐकीव आहे. मंद वाटतो तो बहुधा पेटीमुळे किंवा फिल्टर चुकल्यामुळे.

डिकी रोज सामानाने भरत असेल तर सीटखालचे चपटे, आतच अ‍ॅम्प असलेले सबवूफर बघा. ते छाती हादरवत नाहीत, पण दारातल्या स्पीकरचं ओझं उतरवतात, आणि बऱ्याच जणांना तेवढंच हवं असतं. घेण्याआधी सीट पुढेमागे करून खालची उंची मोजा. सीटखालून हीटरची नळी आणि एअरबॅगच्या वायरी जातात.

५. सीलबंद पेटी घेऊ की पोर्टवाली?

सीलबंद पेटीत आतली हवा स्प्रिंगसारखी कोनला आवरून धरते. ठोका आटोपशीर येतो, पेटी लहान राहते, आणि मोजमापात थोडं इकडेतिकडे झालं तरी ती सांभाळून घेते. बारा इंचीला बऱ्याचदा ३० लिटरच्या आसपास पुरतं, पण नेमका आकडा सबवूफरच्या माहितीपत्रकातूनच घ्या.

पोर्टवाल्या पेटीत नळीतली हवा ठरावीक कंपनसंख्येला स्वतः घुमते, बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर घुमते तशी. त्यामुळे तेवढ्याच वॅटमध्ये त्या पट्ट्यात आवाज मोठा मिळतो. मात्र पेटी मोठी लागते, गणित चुकलं तर एकच सूर घुमत राहतो, आणि त्या कंपनसंख्येच्या खाली कोनला धरायला हवेचा आधार उरत नाही. तिथे कोन बेफाम हलून तुटू शकतो, म्हणून सबसॉनिक (फार खालचे सूर अडवणारा) फिल्टर लागतोच (प्रश्न १४).

पहिल्यांदाच करत असाल तर सीलबंद घ्या. बंद गाडी स्वतःच खालच्या सुरांना उचल देते. आवाजाच्या लाटेची अर्धी लांबी केबिनच्या लांबीपेक्षा मोठी झाली की दाब साठायला लागतो, आणि सीलबंद पेटीचा आवाज खाली जाताना जसा उतरतो, त्याला ही उचल बरोबर भरून काढते. म्हणून घरात कोरडी वाटणारी पेटी गाडीत भरदार वाजते.

पेटी स्वतः बनवणार असाल तर १८ मिलिमीटरचा एमडीएफ वापरा, सगळे सांधे आतून सील करा, आणि लिटरच्या हिशेबातून सबवूफरच्या मागच्या भागाने व्यापलेली जागा वजा करा. ही वजाबाकी हमखास विसरली जाते.

६. ड्युअल व्हॉइस कॉइल म्हणजे काय, आणि ओहमचं गणित कसं जमवायचं?

एकाच कोनवर दोन स्वतंत्र कॉइल, म्हणजे कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या. जास्त आवाजासाठी त्या नसतात, जोडणीत पर्याय मिळावेत म्हणून असतात. ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या तर २ ओहम, एकसर जोडल्या तर ८. २ ओहमच्या दोन असतील तर १ किंवा ४.

दोन सबवूफर, दोन्ही ड्युअल ४ ओहमचे: सगळं समांतर केलं तर १ ओहम. प्रत्येकाच्या कॉइल एकसर करून ते दोघे समांतर केले तर ४ ओहम. दोन ड्युअल २ ओहमचे असतील तर सगळं समांतर केल्यावर अर्धा ओहम होतो. बहुतेक अ‍ॅम्पना तो झेपत नाही. तिथे प्रत्येकाच्या कॉइल एकसर करून मग समांतर करा, २ ओहम मिळतील.

अ‍ॅम्पच्या पत्रकात "किमान २ ओहम" असेल तर १ ओहमवर चालवू नका. दोन चॅनेल ब्रिज केल्यावर (दोघांची ताकद एकत्र करून एकाच सबवूफरला दिल्यावर) किमान मर्यादा बहुधा दुप्पट होते, ती ओळ वेगळी वाचा. जोडून झाल्यावर, अ‍ॅम्पला लावण्याआधी, मल्टीमीटरने मोजा. ४ ओहमची कॉइल मीटरवर साधारण ३.२ ते ३.८ दाखवते. ते बरोबर आहे, कॉइल बिघडलेली नाही. दोन कॉइलपैकी एकच जोडून दुसरी मोकळी सोडू नका.

७. वायर किती गेजची? स्वस्तातला किट चालेल का?

आधी करंट काढा. ५०० वॅटचा क्लास डी अ‍ॅम्प पूर्ण ताकदीवर साधारण ४५ अँपिअर ओढतो, क्लास एबी (जास्त वीज उष्णतेत घालवणारा प्रकार) ७० च्या घरात.

गेजचा आकडा जितका लहान, तितकी वायर जाड. बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर धरू. ४ गेजच्या शुद्ध तांब्याच्या वायरीत ४५ अँपिअरला सुमारे ०.१८ व्होल्ट गळतात. ८ गेजमध्ये ०.४६. आणि ८ गेजची वायर तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असेल, तर पाऊण व्होल्टच्या आसपास, कारण तिची वहनक्षमता तांब्याच्या जेमतेम ६० ते ६५ टक्के असते. गळणारे व्होल्ट वायरीतच उष्णता होऊन जातात.

म्हणून ५०० वॅटपर्यंत ४ गेज तांबं घ्या आणि निर्धास्त राहा. ३०० वॅटच्या आत ८ गेज तांबं पुरतं. हजाराच्या पुढे शून्य गेज.

किटचं म्हणाल तर दोन गोष्टी तपासा. एक, गेज खरं आहे का. ४ गेजच्या आतल्या धातूचं क्षेत्रफळ सुमारे २१ चौरस मिलिमीटर असायला हवं. जाड रबराच्या आत बोटाच्या नखाएवढाही धातू नसलेल्या वायरी मी सोलून पाहिल्या आहेत. दोन, एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी चमक दिसली तर ते अ‍ॅल्युमिनियम आहे. ते वापरायचंच असेल तर एक-दोन पायऱ्या जाड घ्या.

८. अ‍ॅम्पला स्वतःचा फ्यूज आहे. मग बॅटरीजवळ आणखी एक कशाला?

अ‍ॅम्पवरचा फ्यूज अ‍ॅम्पसाठी असतो. बॅटरीजवळचा फ्यूज वायरीसाठी, म्हणजे गाडीसाठी आणि तुमच्यासाठी असतो.

बॅटरीपासून निघालेली वायर बॉनेटखालून, पत्र्याच्या भोकातून, कार्पेटखालून, सीटच्या पट्टीशेजारून डिकीत जाते. त्या पाच मीटरमध्ये कुठेही तिचं रबर कापलं गेलं आणि तांबं पत्र्याला टेकलं, तर बॅटरी त्या वाटेने शेकडो अँपिअर ओतते. अ‍ॅम्पवरचा फ्यूज या शॉर्टच्या पलीकडे, वायरीच्या दुसऱ्या टोकाला आहे. त्याला काही कळतच नाही. वायर लाल होते आणि तिच्या शेजारी कार्पेट असतं.

म्हणून फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून ४५ सेंटिमीटरच्या आत असायलाच हवा. त्याहून जवळ जमला तर आणखी चांगलं. आकडा वायरीवरून ठरवा: ८ गेज तांब्याला ५० अँपिअर, ४ गेजला १०० हे नेहमीचे आकडे. अ‍ॅम्पच्या फ्यूजची बेरीज याहून कमी असेल तर बेरजेजवळचा आकडा घ्या. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा घालू नका. तो का उडतो ते शोधा.

एका ओळखीच्या गाडीत मी हा फ्यूज डिकीत, अ‍ॅम्पच्या शेजारी लावलेला पाहिला. दिसायला छान, पारदर्शक डबीत. बॉनेटखाली मात्र वायर पत्र्याच्या उघड्या कडेवर घासून अर्धी सोलली गेली होती. आणखी थोडे दिवस गेले असते तर काय झालं असतं, हे सांगायला नको. म्हणून बसवून घेतलेली गाडी घरी आणल्यावर बॉनेट उघडा आणि हा एक फ्यूज डोळ्यांनी बघा.

९. अर्थिंग कुठे करू? डिकीतला कुठलाही बोल्ट चालेल ना?

कुठलाही नाही. सीटबेल्टचा बोल्ट तर कधीच नाही, त्याच्यावर जीव अवलंबून असतो. मागच्या सीटच्या कब्ज्याचे किंवा पातळ ब्रॅकेटचे स्क्रूही टाळा.

गाडीच्या मूळ सांगाड्याचा जाड पत्रा शोधा. पॉलिश पेपरने रंग आणि प्रायमर घासून चकचकीत धातू बाहेर काढा. वायरीला क्रिम्प केलेला (पकडीने दाबून बसवलेला) लग, म्हणजे भोकाचं धातूचं टोक, लावून, नट-बोल्ट आणि दातेरी वॉशरने आवळा, आणि वरून रंग किंवा ग्रीस लावा म्हणजे गंज चढणार नाही. वायर पॉझिटिव्हच्याच गेजची आणि शक्यतो ४५ सेंटिमीटरच्या आत.

भोक पाडायचं असेल तर आधी गाडीखाली वाकून पत्र्याच्या पलीकडे काय आहे ते बघा. मागच्या सीटखाली बहुतेक गाड्यांत इंधनाची टाकी असते, जवळून इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्या जातात.

अर्थिंग जमली का हे ओहम मोजून नीट कळत नाही. जोरात गाणं चालू असताना बॅटरीचा निगेटिव्ह आणि अ‍ॅम्पचा ग्राउंड यांच्यातले डीसी व्होल्ट मोजा. ०.२ पेक्षा जास्त दिसले तर पुन्हा घासा. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त तक्रारी, मग शिट्टी असो, प्रोटेक्टचा दिवा असो की मध्येच बंद पडणं असो, इथे येऊन मिटतात.

१०. हे सगळं घरी करता येईल का? क्रम काय ठेवायचा?

पाना, क्रिम्पिंगचं पक्कड, मल्टीमीटर आणि एक अख्खा दिवस असेल तर येईल. पहिलं काम: बॅटरीची निगेटिव्ह बाजू सोडवा. नंतर एअरबॅगची वीज उतरायला काही मिनिटं थांबा. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावू नका आणि त्यांच्यात मीटरही घालू नका.

पॉवरची वायर इंजिनाकडून केबिनमध्ये नेताना कंपनीनेच ठेवलेलं रबरी ग्रोमेट शोधा. नवं भोक पाडलंत तर ग्रोमेट घातल्याशिवाय वायर ओढू नका. पॉवर गाडीच्या एका बाजूने, आरसीए (स्टिरिओचा सिग्नल नेणारी केबल) आणि रिमोट (अ‍ॅम्प चालू-बंद करणारी वायर) दुसऱ्या बाजूने. सीटच्या रुळांखालून वायर नेऊ नका.

अ‍ॅम्प सबवूफरच्या पेटीवर स्क्रूने लावतात, मला ते पटत नाही. सततच्या हादऱ्याने आतले सांधे सैल होतात. मागच्या सीटच्या पाठीला लाकडी फळी लावून त्यावर बसवा, भोवती हवा खेळू द्या, उलटा टांगू नका. पेटीही पट्ट्याने जखडा. करकचून ब्रेक लागला की वीस किलोची पेटी उडून पुढे येते.

निगेटिव्ह सर्वांत शेवटी जोडा, आणि मुख्य फ्यूज त्याच्याही नंतर घाला.

११. कंपनीचा स्टिरिओ बदलायचा नाही, त्याला आरसीए नाहीत. मग सिग्नल कुठून घेऊ?

मागच्या स्पीकरच्या वायरीतून. अ‍ॅम्पला "हाय लेव्हल इनपुट" (स्पीकरच्या वायरी घेणारी जागा) असेल तर थेट, नसेल तर मध्ये लाइन आउट कन्व्हर्टर (स्पीकरचा सिग्नल आरसीएजोगा कमी करणारी डबी) लावून. स्पीकरची निगेटिव्ह वायर म्हणजे ग्राउंड नव्हे. ती चुकूनही पत्र्याला जोडू नका, स्टिरिओची चिप जाईल.

काही गाड्यांत आवाज वाढवला की कंपनीचा स्टिरिओ आपले छोटे स्पीकर वाचवण्यासाठी बेस मुद्दाम कमी करतो. सबवूफर मंद आवाजात छान आणि मोठ्या आवाजात पोकळ वाटत असेल तर हेच कारण. त्यावर बेस पुन्हा भरून देणारे कन्व्हर्टर किंवा डीएसपी (सिग्नल डिजिटल पद्धतीने सुधारणारी पेटी) मिळतात. आणि काही स्टिरिओ स्पीकर काढून टाकला की तो चॅनेलच बंद करतात, तिथे योग्य वॅटचा रेझिस्टर किंवा लोड मॉड्यूल लावावं लागतं.

१२. रिमोट वायर कुठे जोडायची?

बाहेरून घेतलेल्या स्टिरिओच्या निळ्या-पांढऱ्या वायरीला. नुसती निळी बहुधा अँटेनाची असते, तिला जोडलंत तर काही स्टिरिओंत फक्त रेडिओ लावल्यावर अ‍ॅम्प सुरू होतो. कंपनीच्या स्टिरिओत अशी वायर नसेल तर किल्ली काढल्यावर बंद होणाऱ्या फ्यूजवरून टॅप घ्या. हाय लेव्हल इनपुट असलेले बरेच अ‍ॅम्प स्पीकरच्या वायरीवरचे साधारण ६ व्होल्ट ओळखून आपोआप सुरू होतात, त्यांना रिमोट लागत नाही.

१३. गेन म्हणजे अ‍ॅम्पचा व्हॉल्यूमच ना? पूर्ण फिरवला तर काय होतं?

नाही. स्टिरिओकडून किती व्होल्टचा सिग्नल येतो हे अ‍ॅम्पला सांगण्यासाठी गेन असतो. कुणाचा स्टिरिओ २ व्होल्ट देतो, कुणाचा ५. गेन कितीही लावला तरी अ‍ॅम्पची ताकद तेवढीच राहते, ती फक्त लवकर संपते. संपल्यावर लाटेची टोकं सपाट कापली जातात. पूर्ण चौकोनी झालेली लाट तेवढ्याच उंचीच्या स्वच्छ लाटेच्या दुप्पट ताकद कॉइलमध्ये ओतते. कॉइल त्यानेच जळते.

लावायची रीत अशी. सबवूफर सोडवून ठेवा. स्टिरिओचे टोन सपाट, बेस बूस्ट शून्य, गेन तळाला. ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा (स्वस्त मीटर याच आसपास बरोबर मोजतात) आणि व्हॉल्यूम तीन चतुर्थांशावर न्या. अ‍ॅम्पच्या आउटपुटवर एसी व्होल्ट मोजत गेन हळूहळू वाढवा. थांबायचं कुठे? वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ५०० वॅट २ ओहमला: १००० चं वर्गमूळ, ३१.६ व्होल्ट. ३०० वॅट ४ ओहमला ३४.६. अ‍ॅम्प आणि सबवूफर यांच्यात ज्याचा आरएमएस कमी, तो आकडा धरा. अ‍ॅम्प छापलेली ताकद खरोखर देत नसेल तर ही रीत फसते, तिथे ऑसिलोस्कोपच (लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) हवा.

मग स्टिरिओचा व्हॉल्यूम त्या तीन चतुर्थांशाच्या पुढे न्यायचा नाही, हेही घरच्यांना सांगून ठेवा.

१४. एलपीएफ, एचपीएफ, सबसॉनिक, फेज. कुठलं बटण किती?

सुरुवात अशी करा: सबवूफरचा एलपीएफ (त्या आकड्याच्या वरचे सूर अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झ, दारातल्या स्पीकरचा एचपीएफही (खालचे सूर अडवणारा) ८०. पोर्टवाली पेटी असेल तर सबसॉनिक फिल्टर पेटीच्या ट्यूनिंगच्या (पोर्टमधली हवा घुमते त्या कंपनसंख्येच्या) थोडा खाली, म्हणजे ३५ ची पेटी असेल तर २८-३० च्या आसपास. बेस बूस्ट शून्य, आणि शून्यच राहू द्या.

८० हर्ट्झच्या लाटेची लांबी ४ मीटरहून जास्त असते, म्हणून कान तिची दिशा पकडू शकत नाहीत आणि बेस डिकीतून येतोय हे कळत नाही. एलपीएफ १२० वर नेलात की आवाज मागून यायला लागतो.

फेजसाठी (सबवूफरचा कोन दारातल्या स्पीकरच्या जोडीने हलतो की उलटा, ते ठरवायला) बेसचं ओळखीचं गाणं लावून ड्रायव्हरच्या जागी बसा आणि दुसऱ्या कुणाला बटण ० वरून १८० वर करायला सांगा. ज्या जागी बेस जास्त भरतो ती बरोबर. दोन सबवूफर असून बेस अगदी पोकळ वाटत असेल तर एकाच्या वायरी उलट्या आहेत. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, प्लसला प्लस लावल्यावर दोन्ही कोन बाहेर यायला हवेत.

१५. गाडीचा वेग वाढला की स्पीकरमधून शिट्टी येते. काय करू?

ती अल्टरनेटरची शिट्टी. स्टिरिओ आणि अ‍ॅम्प वेगवेगळ्या ठिकाणी ग्राउंड झाले आहेत आणि त्यातला फरक आरसीएतून आवाज बनून येतो. आधी अ‍ॅम्पकडचे आरसीए काढा. शिट्टी राहिली तर दोष अ‍ॅम्प किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये, गेली तर मागच्या बाजूला. मग प्रश्न ९ मधली मोजणी, स्टिरिओचा ग्राउंड, आरसीएची वाट, या क्रमाने जा. आरसीएवर लावायचा आयसोलेटर शेवटचा उपाय म्हणून ठेवा, स्वस्तातला असेल तर तो बेसही खातो.

१६. प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मिचमिचतात. कपॅसिटर लावू का?

आकडेमोड करू. १ फॅराडच्या कपॅसिटरमधून १४ वरून १२ व्होल्टपर्यंत उतरताना २६ ज्यूल मिळतात. ५०० वॅटचा अ‍ॅम्प सेकंदाला सुमारे ६२५ ज्यूल ओढतो. म्हणजे कपॅसिटर एका सेकंदाच्या पंचविसाव्या भागापुरता आधार देतो. एखाद्या कोरड्या ठोक्याला उपयोग होईल, लांबलेल्या बेसला नाही. वर तो पुन्हा भरायला अल्टरनेटरच लागतो.

पैसे आधी इथे घाला: बॅटरी जुनी असेल तर बदला, आणि तीन वायरी जाड करा. अल्टरनेटर ते बॅटरीचा प्लस (हिलाही फ्यूज), बॅटरीचा निगेटिव्ह ते सांगाडा, इंजिन ते सांगाडा. तरीही इंजिन चालू असताना व्होल्टेज १३ च्या खाली पडत असेल तर अल्टरनेटर अपुरा आहे. सिग्नलला गाडी उभी असताना तो आणखी कमी देतो, म्हणून मिचमिचणं तिथे जास्त दिसतं.

१७. रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी स्टार्टच होत नाही.

बहुधा रिमोट वायर सतत चालू असणाऱ्या, म्हणजे पिवळ्या वायरीला जोडली आहे आणि अ‍ॅम्प रात्रभर जागा आहे. किल्ली काढून अ‍ॅम्पचा दिवा बघा. तो विझत असेल तर गाडी लॉक करून अर्ध्या तासाने बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मीटर घालून करंट मोजा. ५० मिलिअँपिअरच्या आत हवा.

१८. प्रोटेक्टचा लाल दिवा लागतो.

सबवूफरच्या वायरी काढा. दिवा गेला तर वायर किंवा कॉइल शॉर्ट आहे, नाहीतर ओहम फार कमी आहेत (प्रश्न ६). आरसीएही काढून दिवा राहिला तर पॉवर आणि अर्थिंग बघा. अर्ध्या तासाने लागत असेल तर अ‍ॅम्प तापतोय, त्याला हवा द्या. सगळं काढूनही राहिला तर अ‍ॅम्प आतून गेलाय.

१९. सबवूफरमधून जळका वास आला, पण वाजतोय. चालू ठेवू?

ताबडतोब बंद करा. कॉइलवरचा गोंद तापल्याचा तो वास आहे. थंड झाल्यावर कोन चारही बोटांनी सारख्या दाबाने हळूच आत ढकला. खरखर लागली तर कॉइल फुगली आहे. लागली नाही तर सुदैव, पण प्रश्न १३ मधलं काम केल्याशिवाय पुन्हा लावू नका.

२०. आता दोन सबवूफर लावले तर आवाज दुप्पट होईल?

वॅट दुप्पट केले तर ३ डेसिबल वाढतात. सबवूफर आणि वॅट दोन्ही दुप्पट केले तर जवळपास ६. कानाला "दुप्पट मोठा" वाटायला साधारण १० लागतात. त्याआधी डिकीच्या झाकणाला आणि नंबरप्लेटमागे ब्युटाइलचे (चिकट रबराचे) पत्रे व फोमच्या पट्ट्या लावून बघा. घरघर थांबली की आहे तोच बेस स्वच्छ ऐकू येतो. आणि कानाचाही विचार करा: जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात ८० डेसिबल आठवड्याला ४० तास सुरक्षित, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा.

२१. गाडी इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड आहे. काही वेगळं करायचं का?

नारिंगी वायरींच्या आसपासही जाऊ नका, त्यात शेकडो व्होल्ट असतात. अ‍ॅम्पला १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवरूनच पॉवर द्यायची. तिला अल्टरनेटरऐवजी डीसी-डीसी कन्व्हर्टर चार्ज करतो आणि त्याची मर्यादा ठरलेली असते, म्हणून कमी वॅटचा क्लास डी अ‍ॅम्पच घ्या. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असेल (आजकालच्या बऱ्याच पेट्रोल-डिझेल गाड्यांतही असतो) तर तिथे थेट काही जोडू नका, ग्राउंड सांगाड्यावरूनच घ्या. नाहीतर सेन्सरला अ‍ॅम्पचा खर्च दिसत नाही आणि चार्जिंगचा हिशेब चुकतो.

२२. गाणं बंद असतानाही सबवूफर घुमतो. सगळ्या वायरी तपासल्या, दोष सापडत नाही.

दोष वायरीत नसेलही. काही गाड्यांत इंजिनाची घरघर मारण्यासाठी छतात मायक्रोफोन असतात. ते केबिनचा आवाज ऐकतात आणि कंपनीचे स्पीकर त्याच्या उलट लाट सोडतात. सबवूफरचा सिग्नल याच स्पीकरच्या वायरीतून घेतला (प्रश्न ११) की ती लाट कितीतरी मोठी होऊन बाहेर पडते, मायक्रोफोन ती ऐकून आणखी दुरुस्ती पाठवतो, आणि केबिन घुमत राहतं. ठरावीक वेगाला घुमणं वाढतं, हीच त्याची खूण. त्या यंत्रणेचा कनेक्टर काढला की घुमणं तिथल्या तिथे थांबतं. कनेक्टर कुठे आहे ते त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. काढण्याआधी फोटो घ्या, आणि काढलेलं टोक टेप लावून जागच्या जागी बांधून ठेवा.